घर कोणाच्या नावावर, आणि केव्हा?

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने जुने कायदे रद्द करणारे आणि काही कायद्यांत दुरुस्ती करणारे एक विधेयक मंजूर केले. अशा विधेयकांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. या विधेयकातल्या एका ओळीने मात्र बऱ्याच घरांत चर्चा सुरू केली. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातले कलम २१३ वगळण्यात आले. 'आता मृत्युपत्रासाठी कोर्टात जायला नको', 'प्रोबेट बंद झाले' अशा अर्थाचे संदेश फोनवर फिरू लागले आणि आपल्या ज्येष्ठ मंडळींना वाटले, चला, एक कटकट संपली.

संपलेली कटकट मुळात आपली होती का, हे आधी पाहू.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे, ते कायद्याने सांगितल्याप्रमाणे झाले आहे, असा न्यायालयाने दिलेला दाखला. कलम २१३ सांगत होते की काही विशिष्ट मृत्युपत्रांच्या बाबतीत हा दाखला घेतल्याशिवाय त्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येणार नाही. ही सक्ती सगळ्या देशाला नव्हती. हिंदूंच्या बाबतीत ती जुना बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांची मूळ हद्द एवढ्यापुरती होती. म्हणजे इंग्रजांनी आपल्या व्यापाराच्या शहरांसाठी केलेली व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही तशीच चालत आली. ग्वाल्हेर तेव्हा संस्थान होते. आपण त्या हद्दीत कधी नव्हतोच. लष्करातला वाडा, मुरारचे घर किंवा डबऱ्याकडची शेती, यांच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कालही नव्हती आणि आजही नाही.

आपल्याला ती एकाच ठिकाणी आडवी येत असे, ते म्हणजे मुंबईची जागा. ज्या घरांतली पहिली पिढी नोकरीसाठी मुंबईला गेली आणि दादर-गिरगावात एखादी खोली किंवा फ्लॅट करून पुन्हा इकडे परतली, त्यांनी मृत्युपत्र ग्वाल्हेरात केले तरी मुंबईच्या त्या जागेपुरते प्रोबेट लागायचे. वकिलाची फी, नोटिसा, एखाद्या नातेवाइकाने हरकत घेतली की पुढची कित्येक वर्षे, असा तो मामला होता. पुण्याच्या जागेला हा नियम लागत नव्हता, हे अनेकांना ठाऊक नसते आणि वकील सांगेल तिथे सह्या होतात. आता मुंबईपुरतीही सक्ती गेली. ज्यांची प्रकरणे आधीच न्यायालयात आहेत त्यांनी आपल्या वकिलाशी बोलूनच पुढे जावे. शिवाय हाउसिंग सोसायट्यांची आणि बँकांची कागद मागण्याची सवय कायदा बदलला म्हणून एका रात्रीत बदलत नाही, तेवढी तयारी ठेवावी. स्वेच्छेने प्रोबेट घेण्याची मुभा अजूनही आहे. घरात भांडणाची चाहूल असेल तर ते घेणे फायद्याचेही ठरू शकते.

तेव्हा नव्या दुरुस्तीचा आपल्यापैकी बहुतेकांशी फारसा संबंध नाही. पण या निमित्ताने मृत्युपत्राचा विषय निघाला आहे, तर आपल्याकडे खरी अडचण कुठे होते ते बोलून घ्यावे असे आम्हांला वाटते. ती अडचण वडीलधाऱ्यांच्या मृत्यूनंतर सुरू होत नाही. ती त्यांच्या हयातीत सुरू होते, आणि बहुतेक वेळा प्रेमापोटी.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचे आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. इथे शिंदे की छावणी, दौलतगंज, चिटणीस की गोठ अशा जुन्या वस्तीतल्या घरात दोन वृद्ध माणसे, किंवा एकच. एखादा मुलगा किंवा मुलगी, कधी पुतण्या, जवळ राहून करत असतो. मग कोणीतरी सुचवते, "काका, घर आत्ताच नावावर करून टाका. नंतर भानगड नको." काकांनाही ते पटते. डोळ्यांदेखत वाटणी झालेली बरी, कोण कुठे कोर्टात धावणार! दानपत्र होते, रजिस्ट्री होते, पेढे वाटले जातात. त्या दिवसापासून काका स्वतःच्या घरात कायद्याच्या दृष्टीने पाहुणे असतात. पुढे सगळे सुरळीत चालले तर कुणाला काही कळतही नाही. न चालले तर सही मागे घेता येत नाही. रीतसर झालेले दानपत्र केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही, आणि नंतर केलेल्या मृत्युपत्रानेही ते पुसले जात नाही, कारण देऊन टाकलेली वस्तू मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

आपल्याच राज्यातल्या छतरपूरचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ जानेवारी २०२५ रोजी त्याचा निकाल लागला. एका आईने १९६८ साली खरेदी केलेली आपली मालमत्ता सप्टेंबर २०१९मध्ये मुलाला दानपत्राने दिली. मुलाने आईवडिलांना सांभाळण्याचे लेखी वचनपत्र दिले होते, असे आईचे म्हणणे होते. पुढे सांभाळ तर दूरच, त्रास सुरू झाला, अशी तक्रार घेऊन ती डिसेंबर २०२०मध्ये एसडीएमकडे गेली. एसडीएमने दानपत्र रद्द केले, कलेक्टरांनी ते कायम ठेवले, उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही कायम ठेवले. त्यानंतर खंडपीठाने उलट निर्णय दिला. दानपत्रात सांभाळाची अट लिहिलेली नाही, मग ते रद्द कसे होईल, असा तो मुद्दा होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. हा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे म्हणून दानपत्र रद्द ठरवले आणि आईला ताबा परत देण्याचा आदेश केला.

निकाल ऐकून बरे वाटते. पण तारखा पुन्हा वाचाव्या. २०२०च्या डिसेंबरात केलेला अर्ज, आणि शेवटचा निकाल २०२५च्या जानेवारीत. १९६८ साली स्वतःच्या नावावर जमीन घेतलेल्या बाईचे वय तेव्हा काय असेल, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

ज्या कायद्याखाली हे झाले तो २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा. साठ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तो लागू आहे. अर्ज एसडीएमच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. केंद्रीय कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाची मर्यादा आहे. ज्यांना मूलबाळ नाही त्यांनाही हा कायदा सोडून देत नाही. ज्या नातेवाइकाच्या हाती त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे येणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. याच कायद्याचे कलम २३ सांगते की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असे मानून रद्द करता येतो.

सगळी गोम त्या 'अटीवर' या शब्दात आहे. २०२२मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. प्रेमाने दिले म्हणजे सांभाळाची अट आपोआप आलीच, असे धरता येणार नाही. छतरपूरच्या आईजवळ निदान एक कागद होता. आपल्याकडे बहुतेकांजवळ तोही नसतो, कारण मुलाकडून असे लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे आपल्याला वाटते. आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या राहत्या घराचे हयातीत दानपत्र करू नये. काही कारणाने करणे भागच असेल, तर आपण आणि आपला जोडीदार शेवटपर्यंत तिथे राहणार आणि घेणारा सांभाळ करणार, ही दोन वाक्ये त्याच दस्तात लिहून मगच सही करावी. ज्या मुलाला खरोखर सांभाळायचे आहे त्याला ही दोन वाक्ये खुपणार नाहीत.

मृत्युपत्राचे तसे नाही. आपल्या ग्वाल्हेरी बोलीत वसीयत. ते आज केले तरी घर आपलेच राहते, उद्या फाडून नवे करता येते, आणि त्याचा अंमल आपण गेल्यावरच होतो. हयातीत हातात दोर राहतो तो याच कागदात. शिवाय ते स्वस्त आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालते, स्वतःच्या अक्षरात लिहिले तरी चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी ती सही होताना पाहिली किंवा सही आपली असल्याचे खुद्द त्याच्या तोंडून ऐकले, आणि मग त्याच्यासमोर स्वतःही सह्या केल्या.

साक्षीदारांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. शेजारचे जोशीकाका आणि समोरचे दुकानदार पुरतात, असा हिशेब असतो. वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावे लागते. नोंदणी झालेली असली तरी यातून सुटका नाही. ऐंशीच्या माणसाने पंच्याऐंशीचे साक्षीदार घेतले तर वेळेला कोण उभे राहणार? वयाने लहान, ग्वाल्हेरातच राहणारे आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे शोधावेत. ज्याला घर मिळणार आहे त्यानेच मजकूर लिहून आणला, वकील ठरवला आणि वडिलांना गाडीत बसवून रजिस्ट्रार कार्यालयात नेले, तर न्यायालये अशा मृत्युपत्राकडे संशयाने पाहतात, आणि तो संशय दूर करण्याचे ओझे त्याच मुलावर पडते. प्रोबेटची सक्ती गेल्याने ही छाननी कमी झालेली नाही. फार तर ती पुढे ढकलली गेली आहे, वाद निघेल त्या दिवसापर्यंत.

अनेक मृत्युपत्रे असतील तर शेवटचे खरे. म्हणून पहिल्याच ओळीत तारीख घालून 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' असे लिहायचे असते. हे किती महत्त्वाचे आहे हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. राजमाता विजयाराजे शिंदे २५ जानेवारी २००१ रोजी वारल्या. त्यानंतर १९८५ सालचे त्यांच्या हस्ताक्षरातले मृत्युपत्र बाहेर आले, त्यावर वाद झाला, दुसरे मृत्युपत्रही मांडले गेले. मुलाने आपले अंत्यसंस्कार करू नयेत असेही १९८५च्या कागदात होते. ते संस्कार तोवर माधवरावांनी करून झाले होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला माधवरावही विमान अपघातात गेले. या घराण्याच्या मालमत्तेचे दावे पुढच्या पिढीत आले, आणि सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ज्योतिरादित्य शिंदे आणि त्यांच्या आत्यांना ९० दिवसांत सामोपचाराने मिटवण्याची सूचना केली. देशातले उत्तम वकील ज्यांच्या दाराशी उभे राहतात त्यांचीही ही गोष्ट. खरे तर वारसाचा प्रश्न मागे ठेवून जाणे या गादीला जुनेच. दौलतराव शिंदे १८२७मध्ये दत्तक न घेता गेले. जनकोजीराव १८४३मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा गादीवर बसवलेल्या बालराजाचा कारभार कोणी पाहायचा यावरून दरबारात फूट पडली आणि वर्ष संपायच्या आत महाराजपूर आणि पन्यार इथे इंग्रजांशी दोन लढाया झाल्या. आपल्या घरात तोफा येणार नाहीत. दिवाळीला एकमेकांकडे जाणे मात्र बंद होते, आणि तेवढे पुरे असते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, या सगळ्यांना समान वाटा मिळतो. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत तर ती २००५च्या दुरुस्तीपासून मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सेदार आहे, आणि ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणून जुना वाडा आजोबा-पणजोबांपासून आलेला असेल तर संपूर्ण वाड्याचे मृत्युपत्र करून उपयोग नाही. फक्त आपल्या हिश्श्याचे करता येते. आपल्याकडे कित्येक वाडे अजून आजोबांच्या नावावर आहेत. नगर निगमच्या कराच्या पावतीवर कुणाचे तरी नाव चढवले म्हणजे झाले, अशी समजूत आहे. नामांतरण म्हणजे मालकी नव्हे. ती पावती कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगते.

बायकांच्या बाबतीत कायदा आणखी वेगळा आहे आणि इथे आम्हांला थोडे थांबून बोलायचे आहे. समजा, मुरारमध्ये राहणारी एक विधवा बाई. मूलबाळ नाही. बँकेत नोकरी केली, पगारातून स्वतःचा फ्लॅट घेतला, म्हातारी आई तिच्याजवळ राहते. ती मृत्युपत्र न करता गेली तर तो फ्लॅट कोणाला? आईला नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५प्रमाणे मुले आणि नवरा यांच्यानंतर क्रम लागतो नवऱ्याच्या वारसांचा. आईवडील त्याच्याही नंतर. दिरांची मुले, ज्यांनी कदाचित कधी फोनही केला नसेल, ती वारस ठरतात. माहेरहून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वकष्टाच्या कमाईला तो नियम नाही. १९५६ साली कायदा झाला तेव्हा बाईच्या नावावर स्वतःची कमाई असेल हे बहुधा कुणाच्या मनात आले नसावे.

या तरतुदीला आव्हान देणारी याचिका नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठापुढे आली. पीठाने घटनात्मक प्रश्नावर निर्णय दिला नाही, पण सर्व स्त्रियांना, विशेषतः ज्या हिंदू स्त्रियांच्या मागे नवरा, मुलगा, मुलगी कुणी नसेल त्यांना, ताबडतोब मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांना 'मृत्युपत्र करा' असे सांगावे, ही साधी गोष्ट नाही. आपल्या समाजात शिक्षिका, परिचारिका, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एकट्या बायका पुष्कळ आहेत. हळदीकुंकवाला, भजनी मंडळाला त्या येतात. त्यांच्यापर्यंत ही एक गोष्ट तोंडी पोहोचवा. ज्या भाचीने औषधे आणून दिली, दवाखान्यात रात्री काढल्या, तिला कायदा ओळखत नाही. ओळख मृत्युपत्रातूनच करून द्यावी लागते.

नॉमिनीविषयी थोडक्यात. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचे झाले, हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून जो दावा झाला, त्यात डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितले की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण मालक होत नाही. ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काने ज्याची त्यालाच जाते. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नावे असतील याची काळजी मात्र आपणच घ्यायची.

मुखत्यारपत्राबद्दलही एक इशारा. परदेशातली मुले आईवडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. देणारा गेला की ते संपते. त्याची मानसिक क्षमता गेली तरी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशाने आई माणसे ओळखेनाशी झाली, नेमकी तेव्हाच मुखत्यारपत्राची गरज असते आणि नेमके तेव्हाच ते निरुपयोगी होते. अशा रुग्णाच्या वतीने मालमत्तेचा व्यवहार करायला आपल्याकडे सोपा, रुळलेला कायदेशीर रस्ता नाही. कुटुंबांना उच्च न्यायालयात पालक नेमून घ्यावा लागतो. विसरभोळेपणा दिसू लागला की संयुक्त खाती आणि मृत्युपत्र, दोन्ही कामे उरकून घ्यावीत. त्या वयात मृत्युपत्र करताना डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र जोडलेले असले की पुढे 'त्यांना समजत नव्हते' असे म्हणणाऱ्यांना उत्तर तयार राहते.

मृत्युपत्र कुठे ठेवले आहे हे निदान दोघांना माहीत असू द्या, आणि त्यातला एक ग्वाल्हेरातला असू द्या. सोबत घराची मूळ रजिस्ट्री, बँकांची यादी आणि साक्षीदारांचे पत्ते ठेवा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. स्त्रियांना तिथली मदत उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते. घरात त्रास होत असेल आणि कुणाशी बोलावे ते कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीचा देशभर चालणारा फोन क्रमांक आहे १४५६७. तो मोठ्या अक्षरात लिहून आजी-आजोबांच्या फोनजवळ चिकटवून ठेवा.